एका फाईलीत संसार मावत नाही!

मित्रहो, आपल्या होस्टेलवर कोणत्याही खोलीत जा आणि कुणाचाही 'सी'मधला प्रोजेक्ट उघडायला लावा. काय दिसेल? एकच फाईल! नाव बहुधा 'फायनल', नाहीतर 'फायनल दोन', आणि सबमिशनची तारीख अगदी उद्यावर आली असेल तर 'खरंच फायनल'. वर दहा-बारा हेडर, त्याखाली पानभर ग्लोबल व्हेरिएबल, आणि मग मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलेलं मेन फंक्शन. खाली जाता जाता माऊसचं चाक झिजतं, पण फाईल संपत नाही.

चौघांचा ग्रुप असेल तर मजा आणखीच. एकाच पेन ड्राइव्हवरून तीच फाईल चार खोल्या फिरते. जो शेवटी कॉपी करतो त्याचं काम टिकतं, बाकी तिघांचं गंगार्पण! म्हणजे आपल्याकडे बोलायचं तर कृष्णार्पण.

माझं मत स्पष्टच सांगतो. ज्याला आपला प्रोग्रॅम तीन-चार फाईलींत विभागता येत नाही, प्रत्येक फाईल वेगळी कंपाइल करून शेवटी लिंक करता येत नाही, त्यानं 'मला सी येतं' असं बायोडाटात लिहू नये. पॉइंटर पाठ असोत, लिंक्ड लिस्ट डोळे मिटून लिहिता येवो, तरीही नाही. कारण बाहेरच्या जगात एका फाईलीत मावणारं काम कुणी कुणाला पगार देऊन सांगत नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सची अगदी पहिली आवृत्ती काढली, तेव्हा ती सगळी मिळून साधारण दहा हजार ओळींचीच होती. पण त्या दहा हजार ओळीसुद्धा एका फाईलीत नव्हत्या. फाईल सिस्टीम वेगळी, मेमरी वेगळी, कर्नल वेगळा, अशा नीट वाटण्या केलेल्या होत्या. आणि तेव्हा तो एकटा विद्यार्थीच होता, बरं का!

मी मूळचा सातारचा, शिकायला सांगलीत. त्यामुळे कंदी पेढे श्रेष्ठ की भडंग, या वादात मी दोन्हीकडून खातो आणि गप्प बसतो. पण या दोन जिल्ह्यांची एक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, सांगली, मिरज, जत ही संस्थानंही दक्षिणेकडे आली, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. आता जिल्हा विभागणं म्हणजे नकाशावर नुसती रेघ मारणं नव्हे. कोणता तालुका कुणाकडे, कोणतं दप्तर कुठं, आणि या जिल्ह्याच्या माणसाचं त्या जिल्ह्यात काम निघालं तर त्यानं कुणाचं दार ठोठवायचं, हे सगळं ठरवावं लागतं. नाव बदललं तर प्रत्येक पाटीवर बदलावं लागतं. एक जरी पाटी जुनी राहिली तरी माणसाची चुकामूक ठरलेली.

प्रोग्रॅम विभागणं नेमकं असंच असतं. कापणं सोपं, कुणाकडे काय आहे हे लिहून ठेवणं अवघड. हे लिहून ठेवण्याच्या कागदालाच 'सी'मध्ये हेडर म्हणतात.

आता उदाहरण घेऊ, आपल्या जिव्हाळ्याचं. मेसचं बिल! समजा चौघांनी मिळून मेसच्या हिशोबाचा प्रोग्रॅम करायचा ठरवला. एकानं हजेरी.सी लिहायची, म्हणजे कोण किती दिवस जेवला. दुसऱ्यानं खर्च.सी, म्हणजे किराणा, भाजी, गॅस, आचाऱ्याचा पगार. तिसऱ्यानं बिल.सी, चौथ्यानं मेन.सी. बिल करणाऱ्याला हजेरीच्या फाईलीतलं दिवस मोजणारं फंक्शन लागणार. पण ते आतून कसं चालतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला फक्त तीन गोष्टी हव्यात: फंक्शनचं नाव काय, त्याला द्यायचं काय, आणि ते परत काय देणार. या तीन गोष्टी हजेरी.एच या हेडरमध्ये लिहायच्या. झालं!

पुढं काय होतं ते एकदा शांतपणे बघू, कारण इथंच बहुतेकांचा गोंधळ आहे. जीसीसीला डॅश-सी हा पर्याय देऊन हजेरी.सी दिली, की तो फक्त त्या एका फाईलीकडे बघतो. आधी प्रीप्रोसेसर येतो आणि इन्क्लूडच्या जागी हेडरमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवतो. मग कंपाइलर भाषा तपासतो आणि हजेरी.ओ ही ऑब्जेक्ट फाईल तयार होते. बाकीच्या तीन फाईली जगात आहेत की नाहीत, हे त्याच्या गावीही नसतं. बिल.सी कंपाइल करताना दिवस मोजणारं फंक्शन त्याला सापडत नाही, पण हेडरमध्ये शब्द दिलेला असतो. त्या शब्दावर विश्वास ठेवून तो ऑब्जेक्ट फाईलीत नोंद करतो, की इथं अमुक नावाचं फंक्शन लागणार आहे, पत्ता नंतर भरा.

चारही ऑब्जेक्ट फाईली तयार झाल्या की लिंकर येतो. त्याच्याकडे दोन याद्या असतात. कुणाकडे काय आहे, आणि कुणाला काय हवंय. हवंय त्या प्रत्येक नावाला आहे त्या नावाशी जोडायचं आणि रिकामे पत्ते भरायचे, एवढंच त्याचं काम. लग्न जमवणारा मध्यस्थच म्हणा ना!

आता एरर कुणाची ते आपोआप कळतं. ओळीचा नंबर देऊन सेमीकोलन मागणारा तो कंपाइलर. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असं ओरडणारा तो लिंकर. त्याचं म्हणणं एवढंच, की शब्द दिला होता, माल कुठंय? आणि 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणजे एकाच नावाचे दोन नवरदेव मांडवात हजर! पण आपली पोरं लिंकरची एरर आली की सेमीकोलन शोधत बसतात. रात्रीचे दोन वाजतात, चहाची टपरी बंद होते, आणि सेमीकोलन काही सापडत नाही. सापडणार कसा? तो हरवलेलाच नसतो.

याचा उत्तम पुरावा आपल्या रोजच्या कामातच आहे. लिनक्सवर मॅथ डॉट एच इन्क्लूड करून वर्गमूळ काढायला जा, पुष्कळदा 'एसक्यूआरटी सापडत नाही' असं उत्तर येतं. पोरं म्हणतात, अरे, हेडर तर घेतलंय! घेतलंयस रे बाबा, पण हेडरमध्ये फक्त शब्द आहे, माल नाही. माल गणिताच्या लायब्ररीत आहे आणि तो जोडायला आदेशाच्या शेवटी डॅश-एलएम लिहावं लागतं. प्रिंटएफचंही तेच. तो एसटीडीआयओ डॉट एचमध्ये नसतोच, तिथं त्याची फक्त ओळख असते. (या हेडरला 'स्टुडिओ डॉट एच' म्हणणाऱ्या मंडळींना आमचा नमस्कार!) ज्यानं आयुष्यात दोन फाईली कधी जोडल्या नाहीत, त्याला हा फरक कळायला मार्गच नाही.

मेकॅनिकलवाल्यांनी नाक मुरडायचं कारण नाही, कारण त्यांना हे आमच्यापेक्षा लवकर कळायला हवं. आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे. तिथं पंप बनतात. पंपाचं केसिंग, आतला इंपेलर आणि शाफ्ट हे सुटे भाग वेगवेगळ्या हातांखालून जातात, आणि तरी शेवटी एकमेकांत बसतात. का बसतात? तर सगळ्यांच्या समोर एकच ड्रॉइंग असतं म्हणून. ड्रॉइंगविना केलेले भाग जुळवायला कानस लागते, आणि हेडरविना केलेल्या फाईली जुळवायला रात्र!

आता जरा गंभीर होतो. लिंकरची एक गोष्ट प्रत्येकानं वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे. 'सी'चा लिंकर फक्त नाव बघतो, प्रकार बघत नाही. फंक्शन इंट देतं की डबल, हे त्याला ठाऊक नसतं. नाव जुळलं की तो जोडून मोकळा.

याचा फटका कसा बसतो ते मी जवळून पाहिलं आहे. एका कॉलेजातल्या एका ग्रुपनं असाच हिशोबाचा प्रोजेक्ट केला होता. एकानं सुट्टीची वजावट काढणारं फंक्शन लिहिलं, ते डबल परत करत होतं. अगदी बरोबर लिहिलेलं. दुसऱ्यानं हेडर वगैरे काही न करता आपल्या फाईलीत वर हातानंच एक ओळ टाकली आणि तिथं इंट लिहिलं. दोन्ही फाईली बिनतक्रार कंपाइल झाल्या, लिंक झाल्या, आणि बिलाचा आकडा भलताच यायला लागला. कधी शून्य, कधी सात आकडी. व्हायव्हात परीक्षकांनी विचारलं, वजावटीचा भाग कुणाचा? ज्यानं बरोबर लिहिलं होतं त्यानं हात वर केला आणि मार्क त्याचेच गेले. त्याला स्वतःला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं चुकलं काय. चूक त्याच्या फाईलीत नव्हती आणि खरं तर दुसऱ्याच्या फाईलीतही एकटी अशी दिसत नव्हती. ती दोन फाईलींच्या मधल्या जागेत होती. आणि त्या मधल्या जागेकडे बघायला आपल्याला कुणी शिकवतच नाही, हे माझं दुखणं आहे.

उपाय किती सोपा आहे बघा. फंक्शनची ओळख एकाच हेडरमध्ये ठेवायची, आणि ते हेडर वापरणाऱ्या फाईलीबरोबरच खुद्द ते फंक्शन असलेल्या फाईलीतही इन्क्लूड करायचं. मग दिलेला शब्द आणि प्रत्यक्ष माल यांत फरक पडला, तर कंपाइलर तिथल्या तिथं कान धरतो. दोन मिनिटांचं काम. त्या पोराचे मार्क वाचले असते.

आणखी चार गोष्टी, अनुभवी सीनियरच्या नात्यानं. एक, सी फाईलच इन्क्लूड करण्याची जी युक्ती होस्टेलवर पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, ती सोडा. एका ठिकाणी चालते, पण तीच फाईल दोघांनी इन्क्लूड केली की तिच्यातली सगळी फंक्शनं दोनदा तयार होतात आणि लिंकर हात वर करतो. दोन, ग्लोबल व्हेरिएबल हेडरमध्ये लिहायचंच असेल तर पुढं एक्स्टर्न लावा आणि खरं व्हेरिएबल एकाच सी फाईलीत ठेवा. पूर्वी जीसीसी याकडे काणाडोळा करायचा, पण २०२० साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून तो थेट 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणतो. म्हणून तर सीनियरचा जुना प्रोजेक्ट नव्या लॅपटॉपवर आपटतो! तीन, हेडरला घातलेलं इफ-एनडेफचं कुंपण एका फाईलीत तेच हेडर दोनदा येऊ देत नाही, एवढंच. दोन वेगळ्या फाईलींतली भांडणं ते सोडवत नाही. चार, फक्त आपल्याच फाईलीपुरत्या फंक्शनला स्टॅटिक लावा. दोन खोल्यांत दोन राहुल असले तर काही बिघडत नाही, पण खाली गेटवरून 'राहुल, पार्सल आलंय' अशी हाक आली की दोघेही धावतात. स्टॅटिक म्हणजे खोलीतला राहुल, त्याला गेटवरची हाक ऐकू जात नाही.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक बदलानंतर चार-चार फाईली पुन्हा कंपाइल करत कोण बसणार? त्यासाठी मेक आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. कारणही आपल्यासारखंच! त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली. चूक कधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाईल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती आणि जुनीच ऑब्जेक्ट फाईल जोडली जात होती. कोणती फाईल कशावर अवलंबून आहे हे मेकला एकदा सांगून ठेवलं, की जी बदलली आणि तिच्यामुळे ज्या बदलायला हव्यात, तेवढ्याच तो पुन्हा करतो. बेल लॅब्जमधल्या माणसाची सकाळ वाया जाऊ शकते, तर आपली रात्र जाणारच. पण त्यांनी दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून काहीतरी केलं, हा फरक.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. काही जण म्हणतात, पन्नास ओळींच्या प्रोग्रॅमला चार फाईली म्हणजे दोन माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाची भांडी. अगदी मान्य! पन्नास ओळी एकाच फाईलीत लिहा. पण पन्नासाच्या पाचशे झाल्या आणि एकाचे चौघे झाले तरी भांडं तेच, हे चालणार नाही. काही हुशार मंडळी एसक्यूलाइटचं उदाहरण देतात, की तो एवढा मोठा डेटाबेस एकाच सी फाईलीत मिळतो. मिळतो खरा. पण ती फाईल कुणी हातानं लिहीत नाही. लिहिताना शंभरहून जास्त फाईली असतात, आणि वाटताना त्या यंत्राकडून एकत्र बांधल्या जातात. आपण नेमकं उलटं करतो.

कुणी म्हणतं, आता 'सी' राहिलंय कुठं, जमाना पायथनचा. अहो, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना विचारा, मायक्रोकंट्रोलरवर ते काय लिहितात! आणि पायथनमध्येही शेवटी फाईली विभागून इम्पोर्टच करायच्या असतात. कुणी म्हणतं, आता चॅटबॉट अख्खा प्रोग्रॅम लिहून देतो. देतो ना! पण त्यानं दिलेला तुकडा तुमच्या आणि मित्राच्या तुकड्याला जोडल्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आली, तर कोणाचा शब्द मोडला हे ओळखायची जबाबदारी तुमचीच. व्हायव्हाला चॅटबॉट येत नाही.

सर आणि मॅडम लोकांची अडचण मला कळते. एका बॅचला दोन तास, जर्नल तपासायचं, हजेरी घ्यायची, आणि सिलॅबस पळतोय. एक फाईल तपासायला सोपी, हे खरंच आहे. वर्षानुवर्षे टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर एक फाईल, कंट्रोल-एफ नाइन आणि आउटपुट, अशी सवय पडली ती पडलीच. गंमत म्हणजे त्या निळ्या पडद्यावरही 'प्रोजेक्ट' नावाचा मेनू होता, अनेक फाईली जोडण्यासाठीच. तो कधी कुणी उघडला नाही, एवढंच!

पण नुसतं बोट दाखवून उपयोग नाही, म्हणून तीन सूचना करतो. पहिली, पहिल्या वर्षाला एक तरी प्रॅक्टिकल जोडीनं व्हावं. हेडर वर्गात सगळ्यांनी मिळून फळ्यावर ठरवायचं. मग अर्ध्या बॅचनं एक फाईल लिहायची, अर्ध्यांनी दुसरी. शेवटी चिठ्ठ्या टाकून कुणाचीही फाईल कुणाच्याही फाईलीला जोडायची. हेडर पाळलं असेल तर चालेल. दुसरी, जर्नलमध्ये फक्त आउटपुट नको. मुद्दाम तीन चुका करून त्यांच्या एरर लिहाव्यात, आणि कंपाइलरची कोणती, लिंकरची कोणती हे समोर लिहावं. छापील जर्नल उतरवून काढणाऱ्यांचीही थोडी पंचाईत होईल, तो बोनस! तिसरी, प्रोजेक्टच्या व्हायव्हात 'हा भाग कुणाचा' यानंतर 'हा भाग त्या भागाशी काय बोलतो' हाही प्रश्न विचारला जावा. त्यानं बरोबर लिहिणाऱ्याचे मार्क वाचतील आणि हेडर न करणाऱ्याला घाम फुटेल.

आणि सीनियर मित्रांनो, आपणही हात झटकू नका. एका शनिवारी संध्याकाळी रीडिंग रूममध्ये ज्युनिअरना गोळा करा. मेसच्या बिलाचा प्रोग्रॅम चार फाईलींत करून दाखवा, एक फंक्शन मुद्दाम काढून टाका आणि लिंकर काय म्हणतो ते वाचायला लावा. तासाभराचं काम आहे. चहा ज्युनिअरकडून घ्यायला हरकत नाही.

शेवटी, ही गोष्ट नुसत्या कॉम्प्युटरची नाही. चौघांना मिळून काम करायचं तर कुणी काय करायचं, आणि कुणी कुणाला काय द्यायचं, हे आधी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर काम बरोबर करणाऱ्याच्या माथी दोष येतो आणि मैत्रीत माती पडते. पुढच्या सबमिशनला संगणकासमोर बसण्याआधी चौघं एका कागदाभोवती बसा आणि हेडर लिहा. कोडिंग नंतर.

बघा, पटतंय का!